सूचना : फ्रेंच शिकण्यासाठी अ‍ॅपची निवड

पुण्यातील आपल्या फ्रेंच अभ्यासगटाच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, डेल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रावीण्य परीक्षेत श्रवण, वाचन, लेखन व संभाषण या प्रत्येक विभागास २५ गुण असून उत्तीर्ण होण्यासाठी एकूण ५० आणि प्रत्येक विभागात किमान ५ गुण आवश्यक असतात. त्यामुळे कोणत्याही अ‍ॅपची वर्षाची वर्गणी भरण्यापूर्वी आपला कोणता विभाग कच्चा आहे, याचा विचार करावा. ड्युओलिंगोमुळे रोजच्या सरावात खंड पडत नाही हे खरे, परंतु त्याचा भर सुट्या वाक्यांवर अधिक असल्याने पत्र किंवा परिच्छेद लिहिण्याची तयारी त्यातून फारशी होत नाही. लेखनासाठी बुसू अधिक उपयुक्त आहे, कारण तेथे आपला मजकूर फ्रेंच मातृभाषा असलेले वापरकर्ते तपासतात. अर्थात ते शिक्षक असतीलच असे नाही. श्रवणासाठी आमची पसंती टीव्ही५मोंद या फ्रेंच भाषिक वाहिनीच्या अ‍ॅपला आहे, कारण ते विनामूल्य असून त्यातील ए१ (प्राथमिक) ते बी२ (उच्च मध्यम) पातळ्यांचे स्वाध्याय दूरचित्रवाणीवरील प्रत्यक्ष चित्रफितींवर बेतलेले आहेत. शब्दसंग्रहासाठी आंकी हे शब्दपत्त्यांच्या उजळणीचे अ‍ॅप पुरेसे आहे. आयफोनवर मात्र ते विकत घ्यावे लागते. संभाषणाची उणीव यांपैकी एकही अ‍ॅप पुरती भरून काढत नसल्याने रविवारच्या सराव बैठकीस सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे.