कमी रक्तात तपासणी शक्य आहे

महोदय,

शीर शोधणाऱ्या अवरक्त किरणांच्या यंत्रांचे कौतुक होते, ते योग्यच. शिरेतील हिमोग्लोबिन हे किरण शोषते आणि त्वचेवर शिरांचा नकाशा उमटतो. सुई मात्र अनुभवी हातानेच टोचावी लागते.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती रक्ताचा नमुना घेण्याची लहान नळी. अतिदक्षता विभागात रोजच्या तपासण्यांसाठीच इतके रक्त काढले जाते की रुग्णाला रक्तक्षय होऊ शकतो. कॅनडातील 25 अतिदक्षता विभागांत नेहमीच्या नळ्यांच्या जवळपास निम्मे रक्त घेणाऱ्या नळ्या वापरून पाहिल्या गेल्या. 2023 मध्ये निष्कर्ष आले. नमुने तपासणीला जवळजवळ कधीच अपुरे पडले नाहीत. तपासणीची यंत्रेही तीच चालतात. मग रुग्णालयांनी, निदान अतिदक्षता विभागांत तरी, या नळ्या तातडीने वापरायला हव्यात.

– एक वाचक