गाणी आता खाली येतील

नाशिक,
रविवार रात्र

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणून ठेवून देतात आणि माझं बोलणं घशातच राहतं. म्हणून लिहितेय.

आधी कबुली. आई, गेल्या मंगळवारी तो मुलगा माडीवरून सोप्यापर्यंत जी वायर ओढून गेला, ती इंटरनेटची नव्हती. मी तुला खोटं सांगितलं. ती बाबांच्या गाण्यांसाठी आहे. आणि येत्या रविवारी बंडूदादा येऊन अॅम्प्लिफायर आणि दोन्ही स्पीकर माडीवरून खाली आणणार आहे. त्याच्याशी बोलणं झालंय. बाबा, त्याला चहा पाजून तसाच परत पाठवू नका, तो बिचारा सुट्टी मोडून येतोय.

विचारून केलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, हे मला ठाऊक होतं. संक्रांतीनंतर जिन्यात पाय सटकला तेव्हाही तुम्ही मला कळवू दिलं नाहीत. आईच्या तोंडून आठ दिवसांनी निसटलं म्हणून कळलं. जिन्याचा दोर हातात होता म्हणून वाचलात. त्या रात्री मी झोपले नाही. पहाटे पाचला अंधारात, तो उभा जिना, हातात दुधाचा पेला आणि वर जाऊन लावायचं काय तर पहाटेचा राग ललत! बाबा, ललत खाली बसूनही ललतच असतो.

माडीवर सगळं का गेलं हे मी विसरलेले नाही. २०१९ च्या पुरात सोप्यात पाणी आलं, तेव्हा तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात कॅसेटचे खोके डोक्यावर धरून उभे होता. २०२१ ला पुन्हा तेच. त्यानंतर गाण्याची एकही वस्तू तुम्ही खाली ठेवली नाहीत, आणि ते बरोबरच होतं. मीही ते मोडत नाहीये. गाणी माडीवरच राहतील, लहानशा कॉम्प्युटरमध्ये. खाली येणार तो फक्त आवाज.

गणपतीत, दिवाळीत आणि संक्रांतीला मी कॅसेट थोड्या थोड्या करून "साफ करून आणते" म्हणत नेल्या, त्या यासाठी. एकूण १८६ भरल्या. १४१ साठ मिनिटांच्या, ४५ नव्वदच्या. यात घाई चालत नाही, तासाची कॅसेट तासभर वाजवूनच उतरवावी लागते. स्वयंपाक, भांडी, पोरांचा अभ्यास, सगळं त्यांच्या संगतीत झालं. रोज दोन. नातवाला आता मारवा आणि पूरिया या रागांतला फरक कळायला लागलाय, आणि त्याला कुणी शिकवलेलं नाही.

एका गोष्टीची काळजी घेतली, ती तुम्हाला मुद्दाम सांगते. टेपचा 'स्स्स' आवाज काढून टाकायची सोय कॉम्प्युटरमध्ये असते. मी एकदा लावून बघितली. खरखर गेली, पण तंबोऱ्याची जवारी, तारांची ती गुंजणारी झणकारही गेली, नुसता लाकडावर आपटल्यासारखा आवाज राहिला. म्हणून काहीच पुसलं नाही. देवल क्लबातल्या गाण्याच्या बैठकीत कोण खोकतं, कोण मान हलवत "वाह" म्हणतं, ते आहे तसं आहे. तुम्ही सांगायचात ना, हा क्लब १८८३ पासून आहे आणि या कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेबांसारखे गवई राहून गेलेत, इथे गाणं ऐकताना पाय पसरून बसायचं नाही. मी मांडी घालून बसायचे आणि तुमच्या मांडीवर झोपून जायचे. परतताना गंगावेशीत दूध प्यायला उठवायचात. तुमच्या सदऱ्याला अत्तराचा आणि टेपरेकॉर्डरच्या गरम झालेल्या प्लॅस्टिकचा, असा दोन्ही वास यायचा.

आई, सांगली आकाशवाणीवरून उतरवलेल्या ७४ नंबरच्या कॅसेटमध्ये तुझ्या कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत. मध्यलयीच्या ऐन मध्यात. बाबा तेव्हा तुझ्यावर रागावले असतील. मी तीच जागा चार वेळा ऐकली.

एक सांगायचं लांबवतेय. ११२ नंबर, आजीच्या ओव्यांची. पुरात ती भिजली होती आणि टेप एकमेकीला चिकटून बसली होती. मी कवच उघडून टेप नव्या कवचात घातली, हाताने हळूहळू फिरवून मोकळी केली. पण जिथे बुरशी लागली होती तिथे आवाज उरलाच नव्हता. अकरा मिनिटं मिळाली आहेत. बाबा, मला माफ करा. तुम्ही ती एकट्याने ऐकायची नाही, मी पाडव्याला येते तेव्हा आपण तिघं मिळून ऐकू.

आता हे चालणार कसं ते सांगते, म्हणजे "पोरीने काहीतरी खेळणं आणलंय" असं वाटणार नाही. माडीवरून खाली साधी आवाजाची वायर ओढली असती, तर आपल्या जुन्या वायरिंगची घरघर त्यात शिरली असती. वरच्या सॉकेटचं आणि खालच्या सॉकेटचं अर्थिंग वेगळं पडलं की स्पीकरमध्ये 'हूं' असा सतत आवाज येतो, तुम्ही ऐकलाय तो. ब्लूटूथला आपल्या जाड भिंती आडव्या येतात, त्याची धाव मोकळ्यावर धड दहा मीटर. आता जी वायर टाकलीय तीत आवाज नसतो, आकडे असतात. ती १०० मीटरपर्यंत चालते आणि घरघर तिच्यातून येत नाही. खाली अॅम्प्लिफायरजवळ एक डबी आहे, तुमच्या तपकिरीच्या डबीपेक्षा थोडी मोठी. आकड्यांचा आवाज ती करते आणि लाल-पांढऱ्या छोट्या वायरीतून अॅम्प्लिफायरला देते. तुमचाच अॅम्प्लिफायर, तुमचेच स्पीकर. नवं काही विकत घेतलं नाही, ती डबी आणि कॉम्प्युटर सोडून.

बंडूदादाला बजावून सांगा, मागे 'ऑक्स' लिहिलंय तिथेच लाल-पांढरी पिन लावायची. 'फोनो' लिहिलंय तिथे नाही, ते रेकॉर्डच्या सुईसाठी आहे. तिथे लावली तर आवाज फाटतो.

गाणी शोधायला आईजवळ टॅब्लेट असेल. तुमच्या वहीतले नंबर, तुमच्याच क्रमाने, तुमच्या अक्षरात लिहिलेल्या नावांसकट घातलेत. ७४ दाबलं की ७४ लागेल. आईला एकदा दाखवलं की ती तुमच्याआधी शिकेल, तुम्हाला राग येऊ देऊ नका. मोतीबिंदूनंतर तुमचा डोळा ताणू नये म्हणून अक्षर मोठं ठेवलंय.

माडीवरचा कॉम्प्युटर बंद करायचा नाही. विजेचं बिल येईल म्हणून तर मुळीच नाही, लहान बल्बाएवढंच खातो तो. लाईट गेली तर परत आल्यावर आपला आपण सुरू होतो. त्याच्यावर रुमाल, टोपी, वर्तमानपत्र काहीही ठेवायचं नाही, गरम होतो. सगळ्याची एक प्रत माझ्याकडे नाशकात आहे, म्हणून काही बिघडलं तरी घाबरून वर धावायचं नाही. आणि पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर, इशाऱ्याच्या पातळीवर गेल्याचं ऐकलं की अॅम्प्लिफायर आणि स्पीकर देवघराच्या वरच्या फळीवर. ४३ ची, म्हणजे धोक्याच्या पातळीची, वाट बघायची नाही. बंडूदादाला फोन करायचा, तुम्ही उचलायचं नाही.

कॅसेट मी टाकलेल्या नाहीत. शेवटच्या खोक्यातल्या पाडव्याला घेऊन येते, ओल शोषणाऱ्या पुड्या घालून, पत्र्याच्या पेटीत. माडीला कुलूपही लावणार नाही. तुम्हाला दुपारी उजेडात, जेवणानंतर, आईला सांगून वर जावंसं वाटलं तर जा. पहाटे नाही.

आणि बाबा, हे तुम्ही म्हातारे झालात म्हणून नाही. आईलाही पहाटेचं गाणं ऐकायचं असतं, तिचे गुडघे वर येऊ देत नाहीत. तिने मला दिवाळीत सांगितलं. तुम्हाला सांगितलेलं नाही.

औषधं वेळेवर घ्या. आई, रात्रीची गोळी तूही घे, नुसती त्यांची मोजत बसू नकोस.

तुमची
चिंगी

ता. क. रविवारी जोडणी झाली की पहिल्यांदा ७४ लावा. आई, तू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन ऐक.