आवाहन : हिमोफिलिया साहाय्य निधी आणि प्लेटलेटदात्यांची नोंदणी

सस्नेह नमस्कार.

इंदूरच्या राजेंद्रनगरातील आमच्या मंडळाच्या बालवर्गात येणाऱ्या सात वर्षांच्या एका मुलाचा दुधाचा दात गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी पडला. आईने कापसाचा बोळा दाबून धरला, थोड्या वेळाने रक्त थांबले आणि मुलगा वरणभात खाऊन झोपला. पहाटे तीनच्या सुमारास त्याच्या अंगावरचे पांघरूण सारखे करताना तिच्या हाताला उशीचा अभ्रा ओला लागला. दिवा लावून पाहिले, तर हिरडीवर पिकल्या जांभळासारखी मऊ, काळपट गाठ लोंबत होती आणि तिच्या कडेने रक्त झिरपतच होते. गुडघ्यांवरचे निळे डाग आजवर ‘पोरगा हूड आहे’ म्हणून सोडून दिले गेले होते. त्या आठवड्यात तपासण्या झाल्या आणि त्याला मध्यम स्वरूपाचा हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा विकार, असल्याचे कळले.

एकदा थांबलेले रक्त पुन्हा का सुरू झाले, हे समजले की आम्ही मदत नेमकी कशासाठी मागत आहोत तेही समजेल. म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

विळीवर बोट कापले की प्रथम तेथली रक्तवाहिनी स्वतःच आकसते. वाहिनीच्या आतल्या अस्तराखाली कोलॅजनचे धागे असतात. अस्तर फाटून ते उघडे पडताच फॉन विलेब्रांड नावाचे लांबलचक प्रथिन त्यांना चिकटते आणि वाहत्या रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी, त्याला अडकून थांबतात. या प्लेटलेट आकार बदलतात, आपल्याजवळची रसायने सोडून आणखी प्लेटलेटना बोलावतात आणि काही मिनिटांत जखमेच्या तोंडावर बोळा बसतो. हिमोफिलियात हा पहिला टप्पा शाबूत असतो, आणि त्या रात्री रक्त आधी थांबले ते यामुळेच.

परंतु हा बोळा कच्चा असतो. त्याला पक्के करण्याचे काम प्लाझ्मातील (रक्ताच्या द्रव भागातील) गोठण-घटक, म्हणजे फॅक्टर, करतात. त्यांना रोमन आकड्यांनी एक ते तेरा असे क्रमांक दिलेले आहेत. हे क्रमांक शोधाच्या क्रमाने पडले, कामाच्या क्रमाने नव्हे, आणि सहावा क्रमांक तर पुढे रिकामाच ठेवावा लागला. एक फॅक्टर दुसऱ्याला कामाला लावतो, दुसरा तिसऱ्याला, आणि या साखळीच्या शेवटी थ्रॉम्बिन तयार होते. थ्रॉम्बिन रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेनचे न विरघळणाऱ्या फायब्रिनच्या तंतूंत रूपांतर करते, हे तंतू प्लेटलेटच्या बोळ्याभोवती जाळे विणतात आणि तेरावा फॅक्टर त्या जाळ्याला गाठी मारतो. जखम भरून आल्यावर हेच जाळे हळूहळू विरघळवणारी यंत्रणाही शरीरातच असते. आठवा आणि नववा फॅक्टर मिळून साखळीच्या मध्यावर कामाचा वेग कित्येक पटींनी वाढवतात. हिमोफिलिया ‘ए’मध्ये आठवा आणि ‘बी’मध्ये नववा फॅक्टर कमी असतो, थ्रॉम्बिन पुरेसे होत नाही, जाळे विरळ पडते आणि काही तासांत कच्चा बोळा सुटतो.

येथे एक गोष्ट आम्हाला आवर्जून सांगायची आहे. या विकाराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते, त्यामुळे तो बहुधा मुलग्यांत दिसतो आणि वाहक आईच्या प्रत्येक मुलग्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. तथापि सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात पूर्वी कोणालाही हा विकार नसतो, जनुकातला बदल नव्यानेच घडलेला असतो. ‘आईकडून आले’ असे म्हणून सुनेला बोल लावणारी घरे आपल्याही समाजात आहेत, आणि ते थांबलेच पाहिजे.

बाहेरच्या जखमेपेक्षा सांध्यातला रक्तस्राव अधिक घातक असतो. घोटा, गुडघा किंवा कोपर यांत वरून काहीही दिसत नसताना रक्त साचते. मूल आधी ‘गुडघ्यात गरम वाटतंय’ एवढेच म्हणते आणि सूज नंतर येते. असे वारंवार झाले तर कूर्चा झिजून सांधा कायमचा आखडतो. म्हणून फॅक्टरचे इंजेक्शन शक्यतो पहिल्या दोन तासांतच मिळायला हवे. शिरेतून दिलेला आठवा फॅक्टर साधारण आठ ते बारा तासांत निम्मा उरतो, त्यामुळे एका रक्तस्रावासाठी अनेकदा दोन-तीन फेऱ्या होतात. औषध शासकीय रुग्णालयातून विनामूल्य मिळाले, तरी रात्रीची गाडी, पालकाची बुडालेली रोजी आणि नंतरची फिजिओथेरपी यांचा भार कुटुंबावरच पडतो, आणि धार, झाबुआ, बडवानीकडून इंदूरला येणाऱ्यांवर तो अधिकच पडतो. आमच्या बालवर्गातल्या मुलाला तर निदान होण्यापूर्वी एका दवाखान्यात दुखण्यासाठी स्नायूत इंजेक्शन दिले गेले आणि मांडी आठवडाभर सुजून राहिली. हिमोफिलियात स्नायूतले इंजेक्शन आणि ॲस्पिरिन दोन्ही टाळायचे असतात, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते.

म्हणून मंडळाने साहाय्य निधी उभारण्याचे ठरवले आहे. त्यातून रुग्णालयात जाण्यायेण्याचा खर्च, फिजिओथेरपीचे शुल्क आणि घरी फॅक्टर ठेवणाऱ्या कुटुंबांना तो दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये नेण्याआणण्यासाठी बर्फाच्या पेट्या दिल्या जातील. रक्कम कितीही असो, रीतसर पावती मिळेल आणि जमाखर्च वार्षिक सभेत मांडला जाईल.

दुसरी विनंती पैशांची नाही. पावसाळ्यात डेंग्यूच्या आणि वर्षभर रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना प्लेटलेट लागतात. लाल पेशी शीतपेटीत महिनाभराहून अधिक टिकतात, पण प्लेटलेट वीस ते चोवीस अंशांवर सतत हलवत ठेवूनही साधारण पाच दिवसच वापरता येतात. त्यांचा साठा करून ठेवता येत नाही. हाक दिल्यावर येणारी माणसेच हवीत. यंत्राद्वारे फक्त प्लेटलेट काढून उरलेले रक्त दात्याला परत दिले जाते, त्याला तासा-दीड तासाचा अवधी लागतो, आणि एका दात्याकडून जवळपास सहा साध्या पिशव्यांइतक्या प्लेटलेट मिळतात. अठरा वर्षांवरील, पन्नास किलोंहून अधिक वजनाच्या निरोगी स्त्री-पुरुषांनी रक्तगटासह आपले नाव नोंदवावे. अंतिम निर्णय रक्तपेढीतले डॉक्टर तपासणीनंतर घेतील.

निधी आणि नोंदणी या दोन्हींसाठी मंडळाच्या कार्यालयात सायंकाळी ६ ते ८ या वेळेत कार्यकर्ते उपस्थित असतील. रात्री-अपरात्री येऊ शकणाऱ्यांनी आणि स्वतःचे वाहन असणाऱ्यांनी तसे वहीत स्पष्ट लिहावे, कारण पहिली यादी त्यांचीच करायची आहे. ॲस्पिरिन घेतल्यावर निदान तीन दिवस प्लेटलेटदान करता येत नाही, एवढे बोलावणे आल्यावर आठवणीने सांगावे.

आपले नम्र,
मंडळाची कार्यकारिणी,
राजेंद्रनगर, इंदूर