पहिला नंबर छापता, मग टायमिंग का नाही?

संपादक साहेब, नमस्कार.

शालेय स्पर्धेची बातमी आली की मी आधी ती वाचतो, मग बाकीचा पेपर. स्वतः कधी पळालो नाही पण बघायला फार आवडतं, नि रिटायर झाल्यापासून दिवसभर ग्राउंडवर बसलं तरी कोणी विचारत नाही. तक्रार एकच आहे आणि ती एकट्या तुमच्या पेपरची नाही, सगळ्यांचीच आहे. बातमीत प्रमुख पाहुणे असतात, नारळ कोणी फोडला ते असतं, सूत्रसंचालन कोणी केलं, आभार कोणी मानले, सगळं असतं, मग खाली बारीक अक्षरात प्रथम, द्वितीय, तृतीय. पण प्रथम आली ती किती मिनिटात आली? उडी किती मीटर गेली, गोळा किती लांब पडला? एक आकडा नाही.

मागच्या सीझनची गोष्ट. नातवाला १०० मीटरला उतरवलं होतं, तो हीटमध्येच बाद झाला नि भेळ खायला पळाला (तिकडं मात्र टायमिंग चांगलं होतं), म्हणून मी बसून राहिलो मुलींची ३००० मीटर बघायला. सतरा वर्षाखालच्या. त्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आश्रमशाळेची पोरगी होती, सकाळी काळीपिवळीत कोंबून आणलेली, पायात काही नाही. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, आपली काळी माती, आतल्या लेनमध्ये चिखल आणि बाहेर ढेकळं. साडेसात चक्कर. पहिल्या दोन चक्करला ती मागंच होती, तिसऱ्याला बघतो तर पुढं, आणि सहाव्या चक्करला तिनं शेवटच्या दोघींना अख्खी एक चक्कर मागं टाकलं त्यामुळं चक्कर मोजणाऱ्या सरांचाच गोंधळ उडाला. माझ्या शेजारी एक केळीवाला बसला होता, तो धंदा सोडून उभा राहिला नि ओरडायला लागला, "देख ना भो, कशी पळी ऱ्हायनी ती पोर!"

मी ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो, वेबिल भरून भरून वेळ लिहायची सवय हाडात गेलीय. क्लॅप वाजला तेव्हाच मोबाईलचं स्टॉपवॉच दाबून ठेवलं होतं. १० मिनिटं ५२ सेकंद. आता मी काही पंच नाही, धरा एखादा सेकंद माझ्या बोटाची चूक, तरी पण अनवाणी, चिखलात, आणि शेवटच्या तीन चक्कर एकटीच, शेजारी पळायला कोणी नाही. टेबलावर जाऊन विचारलं ऑफिशियल किती भरलं, तर सर म्हणे, बाबा पहिली आली ना, नाव लिहिलंय, विभागीय स्पर्धेला जाईल, टायमिंगचं काय करायचंय. त्यांना तरी काय बोलणार, एका दिवसात तीन वयोगट उरकायचे, मुलं वेगळी मुली वेगळ्या, घड्याळ एकच आणि ते १०० मीटरवाल्या सरांच्या गळ्यात.

पोरीला विचारलं, तुझं टायमिंग माहितीये का गं? ती लाजली, "पहिला नंबर आला बाबा." मी खिशातल्या डायरीचं पान फाडून १०:५२ लिहून तिच्या हातात दिलं. तिनं ते नीट बघितलं आणि विचारलं, "विभागाला कितीला पळतात?"

मला सांगता येईना. कुठून सांगणार, विभागाचा निकाल पण मी पेपरातच वाचतो ना.

नंतर विभागाची बातमी आली, त्यात तिचं नाव नव्हतं. म्हणजे चौथी आली असेल नाहीतर चाळिसावी, वाचणाऱ्याला दोन्ही सारखंच. आणि खरं सांगतो, मला हे पत्र लिहायला बसवलं ते ह्या चौथ्या नंबरानं. अमेरिकेत १९६४ साली जिम रायन म्हणून कॅन्सस राज्यातला १७ वर्षाचा शाळकरी पोरगा मोठ्या माणसांच्या रेसमध्ये एक मैल पळाला आणि आला कितवा, आठवा! पण घड्याळ लावलेलं होतं, ३ मिनिटं ५९.० सेकंद, तिथल्या हायस्कूलच्या पोरांमध्ये चार मिनिटाच्या आत मैल पळणारा तो पहिला. पुढच्या वर्षी त्यानं ऑलिम्पिक चॅम्पियन पीटर स्नेलला मागं टाकलं, ३:५५.३, आणि तो हायस्कूलचा रेकॉर्ड थेट २००१ पर्यंत कोणाला तुटला नाही. तोडला ॲलन वेबनं, ३:५३.४३, तो पण त्या रेसमध्ये पाचवा होता. लांब कशाला जायचं, आपल्या बीडच्या अविनाश साबळेनं २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये स्टीपलचेसचा (३००० मीटर, मधे अडथळे नि पाण्याचा खड्डा) नॅशनल रेकॉर्ड केला, ८:०९.९१, नंबर सहावा. आपल्या पद्धतीनं बातमी लिहिली असती तर ह्या तिघांचं नाव पण छापून आलं नसतं.

क्रिकेटवाल्यांचं बरं असतं, कितीही फालतू मॅच असो, कोपऱ्यात स्कोअरर वही घेऊन बसलेला असतोच. कल्याणच्या प्रणव धनावडेनं जानेवारी २०१६ ला शाळेच्या मॅचमध्ये नाबाद १००९ केले तेव्हा लगेच सांगता आलं की आधीचा रेकॉर्ड १८९९ सालचा, इंग्लंडमधल्या कॉलिन्स नावाच्या पोराचा ६२८, तो पण शाळेतल्याच मॅचमधला. शंभरावर वर्षं वही सांभाळली लोकांनी. पळणाऱ्या पोरांनीच काय पाप केलंय?

आणि आकडे छापायला तुम्हाला जागा नाही असं कोणी म्हणू नये. रावेर नि बऱ्हाणपूरचा केळीचा भाव रोज येतो. जळगावच्या सोन्याचा भाव येतो. हतनूर धरणाच्या ४१ पैकी किती दरवाजे उघडले नि किती क्युसेक पाणी तापीत सोडलं हे पावसाळाभर छापता. आमच्या स्टँडवरचा कंट्रोलर सुद्धा प्रत्येक लाल परी किती वाजता आली, किती वाजता सुटली ते रजिस्टरला लिहितो, खटारा असली तरी लिहितो. पोरीच्या नावापुढं १०:५२ ला किती जागा लागते?

एक जण म्हणाला हातातल्या घड्याळाचा काय भरवसा. बरोबर आहे, १०० मीटरला फरक पडतो, स्टार्टचा आवाज ऐकून बोट दाबेपर्यंत जवळजवळ पाव सेकंद जातो आणि तेवढा टाइम कमी दिसतो. पण ३००० ला पाव सेकंदानं काय बिघडतं? आणि मातीचा ट्रॅक, हातघड्याळ एवढं कंसात छापलं की बालेवाडीच्या सिंथेटिक ट्रॅकवरचा कोच पण ते समजून वाचेल. धडगावची पोरगी, पाचोऱ्याची पोरगी, शिरपूरची पोरगी एकमेकींना कधी भेटणार नाहीत कदाचित, पण पेपरात शेजारी शेजारी आकडे दिसले तर घरी बसून कळेल कोणाला गाठायचंय. आज त्या पोरीला फक्त एवढंच माहितीये की तिच्या मागं कोण होतं.

सीझन सुरू झाला की मी ग्राउंडवर असतोच, पाण्याच्या टाकीजवळ कडुनिंबाखाली, पांढरी टोपी. ह्या वेळी मोबाईल नाही, चांगलं स्टॉपवॉच घेतलंय आणि दोनशे पानी वही आखून ठेवलीय. तुमचा वार्ताहर पाहुण्यांचे फोटो काढून झाले की तिकडं पाठवा, आकडे मी उतरवून देतो, चौथ्या-पाचव्याचे पण.

आपला,
एक रिटायर कंडक्टर, ता. चोपडा, जि. जळगाव