पाळकीणबाई, तुम्ही बोट ठेवलेल्या त्या दोन शब्दांसाठी

आदरणीय पाळकीणबाई,

प्रभूमध्ये सलाम.

तुम्हाला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून हे पत्र तुमची नात वाचून दाखवेल. ते सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही आमच्या घरी जे केलंत त्याची गरज असलेली घरं अजून पुष्कळ आहेत.

वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॉली उलटली आणि सगळं संपलं. आई कोयता तिथंच टाकून त्यांना घेऊन गावी आली. मातीनंतर तिसऱ्या दिवशी बाहेरगावाहून प्रार्थनेला आलेल्या एका माणसानं तिला भरल्या घरात सांगितलं, ‘बाई, तुमचा विश्वास कमी पडला.’ आई गप्पच राहिली. मी मात्र ठरवून टाकलं, या देवाशी आपलं काही देणंघेणं नाही.

त्याच दिवशी दिवेलागणीला तुम्ही आलात. उपदेश केला नाहीत. पदर खोचलात, परात पुढं ओढलीत आणि बाजरीच्या भाकरी थापायला बसलात. आम्ही जेवल्यावर पिठाचे हात पदराला पुसत पिशवीतून बायबल काढलंत आणि योहानाचा अकरावा अध्याय मला वाचायला लावलात. लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेत, मार्था येशूला म्हणते, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. मी वाचत गेलो, आणि एका ओळीखाली तुमचं बोट थांबलं. ओळ दोनच शब्दांची: ‘येशू रडला.’

‘आता सांग,’ तुम्ही विचारलंत, ‘थोड्या वेळानं लाजराला मरणातून उठवणार हे येशूला ठाऊक होतं ना? मग रडला कशाला?’ मला उत्तर आलं नाही. तुम्ही म्हणालात, ‘ज्याच्या हातात उठवणं होतं तोही आधी रडला. मार्थेला कमी विश्वासाची म्हणून हाकलून नाही लावलं त्यानं. तुझ्या आईला रडू दे.’ त्या रात्री आई पहिल्यांदा मोकळी रडली.

त्या पुढचे आठ दिवस तुम्ही रोज येत होतात. एका संध्याकाळी पहिला अध्याय काढलात. ‘शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली.’ तुमचं लहानपण दौंडजवळच्या केडगावात, मुक्ती मिशनमध्ये गेलेलं. साध्यासुध्या बायकांना कळावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, त्यांच्या अंगणात तुम्ही वाढलात. ग्रीक तुम्हाला येत नव्हतं, पण तिथं कुणीतरी सांगितलेली एक गोष्ट तुम्ही जपून ठेवली होती: ‘वस्ती केली’ म्हणतात तिथं मूळ शब्दाचा अर्थ ‘तंबू ठोकला’ असा आहे.

कोपऱ्यातून आईचा आवाज आला, ‘म्हंजे कोपी?’

‘हो गं, कोपीच. देवानं आपल्यात कोपी घातली.’

माझ्या आईनं अकरा हंगाम कोपीत काढले होते. वाकवलेल्या बांबूंवर पाचट आणि ताडपत्री, आत एक चूल, बाहेर बैल, पहाटेची हाडं गोठवणारी थंडी. राजासारखा वर बसून हिशेब मांडणारा देव तिला त्या माणसानं दाखवला होता. तुम्ही तिला तिच्या शेजारच्या कोपीत राहायला आलेला देव दाखवलात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं कोडंही तुम्ही असंच सोडवलंत: देव प्रीती आहे, आणि प्रीती एकट्याला करता येत नाही, म्हणून देव कधी एकटा नव्हताच. पुढं मी यावर जाडजूड ग्रंथ वाचले, पण मनात राहिलं ते तुमचंच वाक्य.

शेवटच्या संध्याकाळी पाळकसाहेब आणि मंडळी पेटी-टाळ घेऊन आली. नारायण वामन टिळकांची भजनं झाली. कोकणात जन्मलेल्या, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या त्या ब्राह्मण कवीनं ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारली, आणि ती हाक आमच्या वस्तीतल्या बाया आपलीच म्हणून गात होत्या. माझ्या पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं. प्रभुभोजनाला मात्र सगळ्यांना एकच भाकर आणि एकच प्याला. मंडळीतूनही जात पुरती गेलेली नाही, हेही तुम्हीच मला सांगितलंत. ते लपवलं नाहीत, म्हणून बाकीच्यावर विश्वास बसला.

पुढच्याच रविवारी मी आईचा हात धरून चर्चमध्ये आलो. तुम्ही मागं वळून पाहिलंत आणि बाकावर सरकून आम्हाला जागा केलीत. बाई, त्या नऊ संध्याकाळींसाठी, त्या भाकरींसाठी आणि बाकावरच्या त्या जागेसाठी मी तुमचा मनापासून आभारी आहे. हे सांगायला इतकी वर्षं लावली, त्याची क्षमा असावी.

आई सलाम सांगते. नाताळाला आम्ही दोघं गावी येतोय. तुमचं ते बायबल मला एकदा हातात घ्यायचंय. अकराव्या अध्यायाच्या पानावर तुमच्या बोटाचं पीठ लागलं होतं, तो डाग अजून आहे का ते बघायचंय.

तुमचाच,
वस्तीवरचा सातवीतला मुलगा