समोरच्या किल्ल्यात थोरला भाऊ

वॉशिंग्टन

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

मागे पाठवलेल्या फोटोतला, हातात दुर्बीण धरलेला पुतळा कुणाचा, असं तुम्ही विचारलंत. फोनवर ते सगळं सांगून झालं नसतं, म्हणून कागद घेऊन बसले. तो अ‍ॅडमिरल डेव्हिड फॅरागट. ऑफिसला जाताना मी उतरते त्या मेट्रो स्टेशनलाही त्याचंच नाव आहे. 'हार्टफर्ड' ही त्याची बोट. तिच्याच पंख्याचा धातू वितळवून हा पुतळा ओतला आणि १८८१ मध्ये इथे बसवला.

फॅरागट जन्माने टेनेसीचा, घर व्हर्जिनियात. म्हणजे दोन्हीकडून दक्षिणेचा. गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिण यादवी पेटली आणि एप्रिल १८६१ मध्ये व्हर्जिनियाने देशातून फुटायचं ठरवलं, तेव्हा तो बायकोमुलाला घेऊन उत्तरेला निघून गेला. त्याच्याबद्दल वाचता वाचता मला सापडला तो त्याच्या 'हार्टफर्ड'चा कप्तान, पर्सिव्हल ड्रेटन. गेले कित्येक दिवस माझ्या डोक्यात तोच आहे.

ड्रेटन दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनचा. घराणं जुनं आणि नावाजलेलं. वडील बिऱ्हाड घेऊन फिलाडेल्फियाला गेले, पर्सिव्हल १८२७ मध्ये, अवघ्या पंधरा वर्षांचा असताना नेव्हीत शिरला. थोरला भाऊ थॉमस मात्र दक्षिणेतच राहिला, मळेवाला झाला. यादवी पेटली आणि तो तिकडचा ब्रिगेडियर जनरल झाला.

७ नोव्हेंबर १८६१. उत्तरेच्या आरमाराने दक्षिण कॅरोलायनातल्या पोर्ट रॉयलच्या खाडीवर हल्ला केला. हिल्टन हेड बेटावर फोर्ट वॉकर, आणि तिथल्या सगळ्या फौजेचा प्रमुख थॉमस ड्रेटन. त्याच बेटावर त्याच्या घरच्यांचा मळासुद्धा होता. वादळात सापडल्यामुळे पर्सिव्हलची 'पोकाहॉन्टस' उशिरा पोचली. तोवर लढाई जुंपली होती. त्याने बोट थेट आत घातली आणि किल्ल्याच्या बगलेवर तोफा डागायला सुरुवात केली. समोर कोण आहे हे त्याला माहीत होतं, बाबा. दुपारी किल्ला पडला. थॉमस जिवंत निसटला. पुढे दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळाने पर्सिव्हलला कलंकित ठरवणारा ठराव केला.

तुम्ही नेहमी म्हणता, हुकूम तो हुकूम. पण भावावर त्याने निव्वळ हुकमापायी तोफ डागली, हे मला पटत नाही. दक्षिणेतले शेकडो नौदल अधिकारी नोकरीवर पाणी सोडून आपापल्या राज्यांकडे गेले होते. त्यालाही जाता आलं असतं, तिकडे मानाने घेतलं असतं. तो राहिला.

आणि त्या लढाईतून काय झालं ते तर ऐका. मळेवाले जीव घेऊन पळाले, आणि त्या बेटांवर मागे राहिले सुमारे दहा हजार गुलाम. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या कापसात राबलेली माणसं. ती तिथेच मजुरीवर काम करू लागली. १८६२ मध्ये सेंट हेलेना बेटावर त्यांच्यासाठी शाळा निघाली. ते वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरच्या रक्ताचा हिशोब मांडणाऱ्यांनी या दहा हजारांनाही त्यात धरावं, असं मला फार वाटतं.

नंतर ड्रेटनकडे 'पसेइक' ही लोखंडी मॉनिटर आली. तुम्हाला आवडेल म्हणून सांगते: डेक जेमतेम पाण्याच्या वर, मधोमध फिरता बुरूज, त्यात एक १५ इंची आणि एक ११ इंची तोफ. माणसं राहायची पाण्याखालच्या पातळीवर, कोंदट हवेत. ७ एप्रिल १८६३ रोजी नऊ चिलखती बोटी चार्ल्सटनवर चालून गेल्या. त्याच्या जन्मगावावर! किल्ल्यांनी दोन हजारांहून जास्त गोळे टाकले, या बोटींना दीडशेच्या आसपासच टाकता आले. 'पसेइक'चा बुरूज अडकून बसला. त्या दिवशी 'किओकक' बोटीचा सुकाणू रॉबर्ट स्मॉल्स सांभाळत होता. जन्मापासून गुलाम असलेला हा खलाशी. आदल्या वर्षी चार्ल्सटनच्याच धक्क्यावरून 'प्लँटर' ही दक्षिणेची बोट पळवून, बायकोमुलांसकट तो उत्तरेकडे आला होता. मळेवाल्याचा भाऊ आणि जन्माचा गुलाम एकाच बाजूने त्या बंदरात शिरले, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

ऑगस्ट १८६४ मध्ये अलाबामातल्या मोबाइल गावच्या खाडीत पाणसुरुंगाने उत्तरेची 'टेकम्सी' बोट नव्वदहून जास्त माणसांसह बुडाली. तरी 'हार्टफर्ड' पुढेच गेली. फॅरागट शिडाच्या दोरांवर चढून लढाई बघत होता. पडेल म्हणून ड्रेटननेच माणूस पाठवून त्याला दोरीने बांधायला लावलं. युद्ध संपल्यावर काही महिन्यांतच, ४ ऑगस्ट १८६५ रोजी ड्रेटन इथेच वॉशिंग्टनमध्ये वारला. वय ५२.

तुमची अर्धी हयात बोटीवर गेली. तुमच्या मेसमधला रोज शेजारी जेवणारा माणूस उद्या समोरच्या बोटीवर असता, तर तुम्ही काय केलं असतं? उगीच विचारत नाहीये. सविस्तर लिहा.

आईच्या गुडघ्याचा एक्स-रे झाला का तेही कळवा. दादाला सांगा, गणपतीला यायचं तिकीट काढलंय. आजीला शिरसाष्टांग नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुमची,
मनू