टक्के छापता, मग छेद कुठे जातो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्याच्या पानावर अधूनमधून बातमी असते की नव्या संशोधनानुसार अमुक गोळीने धोका दुप्पट होतो नाहीतर तमुक सवयीने निम्मा होतो, आणि मी दर वेळी पेन काढून शेजारी लिहितो, 'कशाच्या दुप्पट?' बातमीत उत्तर नसतं. यात तुमच्या वार्ताहरालाच झोडपलं असतं, पण मला संशोधनाचा मूळ पेपर उघडून बघायची खोड आहे, आणि तिथे पण बऱ्याचदा तेच असतं, वर सारांशात ठळक 'जोखीम ५० टक्क्यांनी कमी' आणि किती जणांतून किती हे आत कुठेतरी चौथ्या टेबलच्या तळटीपेत, ते पण सापडलं तर. म्हणून हे पत्र थोडं तुमच्यावर आहे आणि बाकी सगळं ते पेपर लिहिणाऱ्यांवर. लांबलंय. कापायचं तर कापा, फक्त आकडे कापू नका, तक्रार त्याचीच आहे.

शाळेत अंश आणि छेद शिकवतात ना, त्यातला छेद गाळला की काय होतं ते ब्रिटनमध्ये १९९५ साली बघायला मिळालं. तिथल्या औषध सुरक्षा समितीने इशारा दिला की नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी व्हायचा धोका दुप्पट होतो. खोटं नव्हतं ते. ७००० बायकांत १ च्या जागी २. पण लोकांपर्यंत पोचलं ते नुसतं 'दुप्पट', बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्तीचे झाले. गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षाही जास्त असतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मी डॉक्टर नाही. संख्याशास्त्र शिकवत आलो आणि त्याच्या जोडीने थीसिसवाल्या डॉक्टरांना ॲनालिसिस करून दिलं. पोरं हुशार असायची, कामाने पिचलेली पण असायची, सबमिशनच्या चार दिवस आधी एक्सेल शीट घेऊन यायची, त्यात वयाच्या कॉलममध्ये कुठेतरी ३४० असायचं, आणि पहिला प्रश्न हाच, 'सर, पी येतोय का बघा ना.' पाऊस येतोय का बघा म्हणावं तसं. पी म्हणजे पी व्हॅल्यू, औषधाचा काही उपयोग नसताना निव्वळ नशिबाने एवढा फरक दिसायची शक्यता, ती ०.०५ च्या खाली आली की निकाल 'सिग्निफिकंट', वर राहिली की चेहरा पडलेला. मग सर, पुरुष-बायका वेगळे करून बघू, साठीच्या वरचे खालचे करून बघू, डायबेटिसवाले काढून बघू. दहातल्या आठ जणांना तेवढंच हवं असायचं. अहो, औषधाचा काडीचा उपयोग नसला तरी अशा २० स्वतंत्र टेस्ट केल्या तर एक तरी ०.०५ च्या खाली जायची शक्यता ६४ टक्के असते! आणि छापताना ती एकच छापायची, बाकीच्या १९ केल्या होत्या याचा पत्ताच नाही.

याची भारी खिल्ली एका मोठ्या ट्रायलवाल्यांनीच उडवून ठेवलीय. आयसिस-२ नावाची ट्रायल, १९८८ साली लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आली, हार्ट अटॅकचा संशय असलेले १७,१८७ पेशंट, ॲस्पिरिनने मृत्यू स्पष्टपणे कमी झाले. आता एवढे पेशंट आहेत तर छोटे छोटे गट पाडून बघायचा मोह होतोच, तेव्हा संशोधकांनी मुद्दाम जन्मतारखेच्या राशीप्रमाणे गट पाडून तो निकाल छापला. मिथुन आणि तूळवाल्यांना ॲस्पिरिन उलट थोडं बाधतंय, बाकी दहा राशींना मस्त लागू पडतंय. वाचून हसतात सगळे. पण तीच करामत रास काढून 'वजन जास्त असलेल्या ५० च्या आतल्या महिला' असं लिहिली की कोणी हसत नाही.

आता जे मला खरं बोलायचंय ते हे की यातलं बरंचसं पकडायला संख्याशास्त्राची डिग्री लागत नाही, सातवीचं गणित पुरतं. २५ पेशंटचा गट आणि त्यातल्या ३७.५ टक्क्यांना आराम पडला असं लिहिलेलं असेल तर थांबा. २५ पैकी ९ म्हणजे ३६ टक्के, १० म्हणजे ४० टक्के, मधे ९.३७५ माणसं कुठून आणली? एकतर काही पेशंट मधेच गळाले आणि ते सांगितलं नाही, नाहीतर टायपिंगची चूक, नाहीतर आणखी काही. किंवा हॉस्पिटलमधला मुक्काम 'सरासरी ६ ± ९ दिवस'. सहातून नऊ गेले, उणे तीन, म्हणजे काही लोकांना ॲडमिट व्हायच्या तीन दिवस आधीच डिस्चार्ज दिला वाटतं. खरी गोष्ट अशी असते की दोघं-तिघं महिना-दीड महिना राहिले आणि त्यांनी सरासरी ओढली, तिथे मध्यक, म्हणजे सगळे ओळीत लावले की मधोमध येणारा आकडा, द्यायचा असतो, सरासरी नाही. तो अधिक-उणे पण नक्की कसला ते कित्येक जण लिहीतच नाहीत. १०० पेशंट आणि प्रमाण विचलन (पेशंट सरासरीपासून किती पांगलेत) २० असेल तर प्रमाण त्रुटी (ती सरासरी स्वतः किती इकडेतिकडे होऊ शकते) येते २, मग '± २' लिहिलं की ग्राफ कसा नीटनेटका दिसतो, वाचणाऱ्याला वाटतं सगळे पेशंट एका साच्यातले. आणि 'पी = ०.०००'! सॉफ्टवेअरने तीन दशांश स्थळं दाखवली म्हणून तसंच उतरवून काढायचं. शक्यता इथे शून्य होत नसते हो, ०.००१ पेक्षा कमी असं लिहा, एवढंच आहे ते.

तसंच '५० पेशंटमध्ये एकही साइड इफेक्ट दिसला नाही, औषध सुरक्षित'. यावर एक सोपा ठोकताळा आहे, तीनचा नियम. शून्य घटना दिसल्या तर ३ भागिले पेशंटची संख्या करा, ३ भागिले ५० म्हणजे ६ टक्के. म्हणजे खरा धोका ६ टक्क्यांपर्यंत असला तरी तुमच्या ५० मध्ये तो दिसला नाही असं होऊ शकतं. शंभरात सहा! याला सुरक्षित म्हणायचं का ते मग ज्याचं त्याने ठरवावं, पण ते ६ पेपरात लिहा तरी. १५-१५ पेशंटचे दोन गट घेऊन 'फरक आढळला नाही' म्हणून दोन्ही औषधं सारखीच असं ठोकणाऱ्यांबद्दल काय बोलू, चष्मा न लावता शोधलं आणि किल्ली घरात नाहीच म्हणून सांगितलं.

कोणी म्हणेल बारीकसारीक चुका आहेत, त्याने काय बिघडतं. तर योशिताका फुजी नावाचे जपानी भूलतज्ज्ञ होते, ऑपरेशननंतरच्या उलट्यांवर त्यांचे ढिगाने पेपर. २००० साली काही डॉक्टरांनी एका जर्नलच्या संपादकांना पत्र लिहिलं की यांचे आकडे विश्वास बसू नये इतके छान आहेत, डोकेदुखीसारख्या साइड इफेक्टचं प्रमाण वेगवेगळ्या गटांत जवळपास तेच तेच येतंय. हो, संपादकांना पत्रच, माझ्यासारखं. ते छापलं पण. आणि पुढे बारा वर्षं काही झालं नाही, फुजींचे पेपर येत राहिले. २०१२ मध्ये जॉन कार्लाइल या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने त्यांच्या १६८ ट्रायलचे आकडे तपासून दाखवलं की असं नशिबाने जुळून येणं जवळपास अशक्य आहे, आणि मग त्यांचे १७० हून जास्त पेपर बाद धरले गेले. त्याच कार्लाइलने २०१७ मध्ये पाच हजारांवर ट्रायल चाळल्या, त्यातून पुढे भूमध्य आहाराची प्रसिद्ध स्पॅनिश ट्रायल २०१८ मध्ये मागे घेऊन दुरुस्त करून परत छापावी लागली. तिथे लबाडी नव्हती, काही ठिकाणी रँडम वाटप न करता घरातल्या सगळ्यांना एकाच गटात टाकलं होतं आणि पेपरात तसं सांगितलं नव्हतं. लबाडी आणि गलथानपणा, दोन्ही त्याच टेबलांमधून सापडतात, फक्त कोणीतरी बघायला पाहिजे.

नियम नाहीत असं पण नाही. ट्रायल कशी लिहायची याची कन्सॉर्ट नावाची यादी १९९६ पासून आहे, २०१० च्या आवृत्तीत तर स्पष्ट म्हटलंय की हो-नाही प्रकारचा निकाल असेल तर सापेक्ष ('दुप्पट') आणि निव्वळ ('७००० त १ चे २') असे दोन्ही परिणाम द्यावेत. पण बेन गोल्डेकर हे ब्रिटिश डॉक्टर आणि मंडळींनी जगातल्या पाच नामांकित जर्नलांमधल्या ६७ ट्रायल तपासल्या, आधी काय मोजणार म्हणून नोंदवलं होतं आणि शेवटी काय छापलं, तर फक्त ९ स्वच्छ निघाल्या. नोंदवलेले ३५४ निकाल गायब आणि ३५७ नवीन न सांगता घुसवलेले. त्यांनी जर्नलांना दुरुस्तीची ५८ पत्रं पाठवली, छापली गेली २३. तिथे एवढी तऱ्हा तर बाकीच्या जर्नलांचं काय घेऊन बसलात.

तर तुमच्याकडे मागणं एवढंच की अशी बातमी देताना तीन गोष्टी छापा, किती लोकांवर केलं, कितीचे किती झाले आणि किती काळात. एका ओळीत बसतं हे. मूळ पेपरात सापडलं नाही तर 'पेपरात दिलेलं नाही' असं छापा, ते वाचून लेखकांना लाज वाटली तर उत्तमच. गेल्या वर्षभराची कात्रणं ठेवलीत मी, छेद असलेली एका फाइलमध्ये आणि नसलेली दुसऱ्या. पहिली फाइल अजून पाकिटात मावते.

आपला,
एक जुना वाचक

ता.क. वर 'दहातल्या आठ जणांना' असं लिहिलंय ते मी अंदाजाने ठोकलंय, कधी मोजलेलं नाही. छापताना तेवढं गाळा.